वऱ्हाडी माणसाची सवड

मार्गशीर्ष महिना लागला, म्हणजे आमच्या वऱ्हाडांत एका निरोपाची वाट पाहिली जाते. निरोप फार मोठा नसतो. "वावरांत हुरडा आला आहे, रविवारीं या," एवढेच शब्द असतात. अमरावतीच्या कचेरींत, अकोल्याच्या कापसाच्या बाजारांत, कोणा वकिलाच्या बैठकींत अगर शाळेंतल्या मास्तरांच्या खोलींत हा निरोप येऊन पोंचतो, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून बहुधा पहिला उद्गार निघतो तो असा, कीं "यायला पाहिजे खरें, पण सवड कोठें आहे?" निरोप देणारा जाणता असला तर तो वाद घालीत नाहीं. "सवडीनें याल तेव्हां हुरडा नसेल, ज्वारी असेल," एवढें बोलून तो चालूं लागतो. आज आपणांपुढें मी जें कांहीं बोलणार आहें, तें ह्या एका उत्तराविषयींच आहे.

रिकाम्या वेळेला मराठींत शब्द पुष्कळ आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाहीं. सुटी दुसऱ्यानें द्यावी लागते. ती अर्ज करून मागतात आणि ती नामंजूरही होते. विश्रांति थकलेल्याला हवी असते, आणि तिचा हेतु बहुधा पुन्हां कामाला जुंपून घेणें हाच असतो. फुरसत नशिबानें मिळते. सवड मात्र काढावी लागते. खोल विहिरींतून पाणी ओढावें, तशी ती भरल्या दिवसांतून वर ओढून आणावी लागते, आणि पोहरा कांठाशीं येईपर्यंत हात दुखतात. म्हणून "सवड मिळाली नाहीं" असें कोणी म्हणाला, कीं मला वाटतें, ह्या गृहस्थानें पोहरा आंत सोडलाच नसावा.

ज्यांनीं हुरडा पाहिला नाहीं, अशा श्रोत्यांसाठीं थोडी माहिती देतों. ज्वारीचें कणीस निसवल्यावर दाण्यांत प्रथम पांढरें दूध भरतें. पुढें तें घट्ट होत जातें, आणि दाणा पिकून कडक होण्यापूर्वीं थोडे दिवस तो हिरवा, मऊ आणि गोड असतो. त्या अवस्थेचें नांव हुरडा. आमच्याकडे खास हुरड्यासाठीं वाणीची ज्वारी म्हणून एक जात शेताच्या एखाद्या कोपऱ्यांत अगर धुऱ्याला लावीत. शेतांतच लहानसा खड्डा करून त्यांत गोवऱ्या पेटवितात. तिला आगटी म्हणतात. धूर निघून गेला आणि निखारा तेवढा उरला, कीं त्यांत कणसें खुपसावयाचीं, आणि भाजल्या दाण्यांचा वास सुटतांच गरम गरम कणीस तळहातांवर चोळून दाणे मोकळे करावयाचे. चोळणाऱ्याचें कसब असें, कीं दाणा चेंगरूं नये आणि त्याला कोंडाही चिकटून राहूं नये. हात भाजतात, फुंकर घालतां घालतां डोळ्यांत राख जाते, आणि तरीही चोळण्याचें काम दुसऱ्याला द्यावयास कोणी तयार नसतो. बरोबर तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, त्याच विस्तवांत भाजलेल्या वांग्याचें भरीत. एवढ्यानेंही ज्यांचें भागत नाहीं, त्यांच्यासाठीं गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. ताट नाहीं, पाट नाहीं, वाढपी नाहीं. मोठा हुद्देदार आणि त्या शेताचा सालदार हे आगटीभोंवतीं एकाच मातीवर मांडी घालून बसलेले मीं पाहिले आहेत. दुसरीकडे असें दृश्य मला फारसें दिसलेलें नाहीं.

आतां ह्या सबंध प्रकारांत मला ज्या दोन गोष्टींचें नवल वाटतें, त्या सांगतों. पहिली अशी, कीं हुरडा नेमका अडचणीच्या वेळीं येतो. कापसाची वेचणी चालू असते, तुरीला फुलें-शेंगा धरत असतात, हरभऱ्याकडे आणि गव्हाकडे पाहावयाचें असतें. शहरांत कोर्टें भरलेलीं असतात आणि बाजारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. ज्या महिन्यांत माणसाला मान वर करावयास वेळ नाहीं, तोच महिना हुरड्याचा. निसर्गाला आमच्या कामाची कीव आली असती, तर त्यानें हुरडा चैत्र-वैशाखांत घातला असता. त्या दिवसांत आमच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि कोरडवाहू शेतकरी खरोखरच रिकामा असतो. पण तसें झालें नाहीं. हुरडा खावयाचा असेल तर तो कामाच्या मधोमध खावा लागतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. हुरड्यासाठीं मोडलेलें कणीस खळ्यावर कधींच जात नाहीं. वीस माणसें येऊन गेलीं म्हणजे किती पायल्या ज्वारी गेली, हें शेतकऱ्याला तोंडपाठ असतें. तरीही तो "आणखी दोन घ्या" म्हणत राहतो. ह्याला कोणी उधळेपणा म्हणतील. मी म्हणत नाहीं. वाणीचा तो कोपरा पेरतांनाच त्यानें बाजूला काढलेला असतो. उत्पन्न घरांत आल्यावर कांहीं उरलें तर आनंद करावा, अशी त्याची वजाबाकी नाहीं. आनंद अगोदर वजा करावा आणि मग जें राहील त्याला उत्पन्न म्हणावें, अशी आहे. आपण सुशिक्षित माणसें नेमकी उलट वजाबाकी करतों, आणि बाकी नेहमीं शून्य येते.

हाच हिशेब बैलालाही लावलेला होता. श्रावणी अमावास्येला पोळा. आदल्या दिवशीं बैलांचे खांदे शेकून त्यांना तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचें त्यांना तोंडी आमंत्रण देतात. ज्याच्या मानेवर वर्षभर जूं ठेवलें, त्याला एक दिवस पाहुणा समजून रीतसर बोलावणें करावयाचें, ही कल्पना ज्या कोणाला प्रथम सुचली, त्याच्या मनाचा मोठेपणा मला फार वाटतो. पोळ्याच्या दिवशीं बैलाला औताला जुंपीत नाहींत. नदीवर नेऊन धुणें, शिंगें रंगविणें, झूल आणि बाशिंग, पुरणपोळीचा नैवेद्य, संध्याकाळीं तोरणाखालीं सगळ्या गांवाच्या बैलांची रांग, चढाओढीनें म्हटलेल्या झडत्या, आणि मग घरोघर बैल नेणाऱ्या गड्याला मिळणारा बोजारा. असा तो दिवस. १९२१ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें आठवड्याच्या सुटीचा करार केला, त्याला जगांत थोर मान मिळाला आणि तो मिळावयासच हवा होता. पण राबणाऱ्याला विसाव्याचा हक्क आहे, ही गोष्ट आमच्या खेड्यांतील अक्षरशून्य माणसांनीं चतुष्पादांच्या बाबतींत त्यापूर्वीं कितीतरी पिढ्या मान्य केली होती. द्विपादांच्या बाबतींत मात्र ते इतके उदार नव्हते, हेंही सांगितलें पाहिजे. सालदाराला आठवड्याची सुटी कोणत्याही पंचांगांत लिहिलेली नव्हती. पोळा हा त्यालाही बैलाबरोबरच लाभे. आज पुष्कळ गोठे रिकामे झाले आहेत आणि नांगरट ट्रॅक्टरनें होते. ट्रॅक्टरला खांदा नसल्यामुळें त्याला आमंत्रण देण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं.

मग ही जुनी वजाबाकी बिघडली केव्हां? ज्या पिकानें वऱ्हाडाला नांव दिलें, पैसा दिला, मोठमोठे वाडे दिले, त्या कापसाकडे बोट दाखवितांना मला संकोच होतो. पण इलाज नाहीं. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवास फांटा आला. आमच्या काळ्या मातीचा संबंध थेट लिव्हरपूलच्या भावाशीं जोडला गेला. ज्वारी घरासाठीं आणि कापूस बाजारासाठीं, अशी विभागणी झाली; आणि पुढें बाजाराची बाजू वाढत गेली. श्रोतेहो, कापसाचा हुरडा होत नाहीं! अर्धें फुटलेलें बोंड कोणा पाहुण्याच्या हातावर ठेवतां येत नाहीं. तें पुरतें फुटावें, वेचावें, तोलावें आणि विकावें, ह्यापलीकडे त्याचा उपयोग नाहीं. लोक मोठे रसिक, म्हणून त्यांनीं ह्या पिकांतूनही एक घटका काढली होती: पहिल्या वेचणीला शेतांत पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवावयाचा, त्याला सीतादही म्हणतात. पण ती घटकाच. त्यानंतर बाजार सुरू होतो.

बाजारामागून जिन आले आणि प्रेस आले. रुईंतून सरकी वेगळी करणारे आणि गठाणी बांधणारे हे कारखाने हंगामी होते, आणि ह्या एका शब्दानें मोठा अनर्थ केला. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा वर्षांतून चार महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. हंगाम थोडा म्हणून कायद्यापासून मोकळीक, आणि मोकळीक म्हणून कामाला अंत नाहीं, असा तो न्याय. दिवस कोठें संपतो आणि रात्र कोठें लागते हें सूर्याऐवजीं भोंगा ठरवूं लागला. हे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेंत आले ते १९११ सालीं. १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांना दिवसाचे दहा तास आणि हंगामी कारखान्यांना अकरा तास अशी मर्यादा घातली. म्हणजे तेव्हांही जिनच्या मजुराचा दिवस मुंबईच्या गिरणीवाल्याहून एका तासानें लांबच राहिला. जिनच्या मजुराला आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा १९४८ च्या कायद्यानें आली.

मुंबईचा उल्लेख निघालाच आहे, तर नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचें स्मरण केल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. १८८४ सालीं त्यांनीं गिरणीकामगारांची सभा भरविली आणि मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्यास एक दिवस सुटी ही होती, आणि दुपारीं अर्धा तास विसांवा ही होती. भुकेल्या माणसानें पगाराची गोष्ट आधीं बोलावी, असें आपल्याला वाटेल. ह्या माणसांनीं वेळही मागितला. सहा वर्षें हा लढा चालला आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. आपण रविवार हा सृष्टिक्रमांतलाच एक भाग समजतों. पण तो कोणी तरी भांडून मिळविलेला आहे. हुरड्याचा निरोप "रविवारीं या" असा येतो, त्यांतला 'रविवार' लोखंड्यांचा आहे.

येथें थोडें विषयांतर करतों. मूर्तिजापूर हें अकोला जिल्ह्यांत आणि अचलपूर हें अमरावती जिल्ह्यांत. ह्या दोहोंमध्यें अरुंद रुळांवरून एक लहानशी गाडी धांवत असे. दुसरा फांटा मूर्तिजापुराहून यवतमाळास जाई. हिला सगळे 'शकुंतला' म्हणत. कापूस लवकर विलायतेस जावा म्हणून विलायती भांडवलानें ती घातली होती. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन होतें, आणि पुढें डिझेलचें आलें तरी तिच्या चालीला फारसा फरक पडला नाहीं. ताशीं वीस किलोमीटरांच्या आसपास ती जाई. घाईसाठीं जन्मलेली ही गाडी शेवटीं वऱ्हाडांतील सर्वांत निवांत जागा ठरली, हा दैवाचा विनोद नव्हे काय? तींत बसलेल्या माणसाला काम करतां येत नसे आणि लवकर पोंचतांही येत नसे. मग तो शेजाऱ्याशीं बोले. आतां ती बंद पडली आहे, रुळांवर गवत माजलें आहे, आणि ती पुन्हां मोठ्या रुळांवरून सुरू करावी म्हणून अचलपुराकडील लोक मागणी करीत आले आहेत. सुरू झालीच तर ती वेगानें जाईल.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याचें आणि मजुराचें झालें. पण बुद्धीचें काम करणाऱ्याला सवड कशी काढतां येणार? त्याचें काम तर झोपेंतही डोक्यांत चालू असतें. ह्याला आमच्याच मातींतलें उत्तर आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ सालीं नागपुरास जन्मले आणि वकिलीच्या निमित्तानें वऱ्हाडांत येऊन अकोला, खामगांव, जळगांव-जामोद अशा गांवीं राहिले. तालुक्याच्या गांवची वकिली म्हणजे काय, हें ज्यानें पाहिलें आहे त्यालाच समजेल: सकाळीं पक्षकार, दुपारीं तारखा, रात्रीं कागद. त्या धबडग्यांतून ह्या गृहस्थानें 'वीरतनय', 'मूकनायक' हीं नाटकें काढलीं, ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिला, आणि मराठीला विनोदी लेख ही नवी वस्तु दिली. त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ सालीं 'विविधज्ञानविस्तार' मासिकांत आला. त्याचें नांव काय? 'साक्षीदार'! म्हणजे ज्या कोर्टानें दिवस खाल्ला, त्याच कोर्टांतून त्यांनीं हंसण्याची सामग्री उचलून आणली. 'सुदाम्याच्या पोह्यां'तील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे आठवून पाहा. त्यांच्या अंगीं अनेक दोष आहेत, पण एक गुण असा आहे, कीं त्यांच्यापाशीं एकमेकांसाठीं केव्हांही वेळ असतो. ज्याच्याजवळ वेळ नव्हता अशा वकिलानें हीं माणसें निर्माण केलीं, आणि राम गणेश गडकऱ्यांसारखा शिष्य त्यांना गुरु म्हणूं लागला. कोल्हटकरांनीं वकिली टाकली नाहीं. मला तर वाटतें, टाकली असती तर 'साक्षीदार' लिहिलाच गेला नसता.

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ह्यांची तऱ्हा वेगळी. गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे त्या काळचे वऱ्हाडांतील नामांकित वकील, टिळकांचे सहकारी, आणि १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. हा कामांत बुडालेला माणूस डिसेंबर १९११ मध्यें शिर्डीस साईबाबांकडे गेला आणि मार्च १९१२ च्या मध्यापर्यंत तेथेंच राहिला. त्या दिवसांची त्यांची रोजनिशी पुढें प्रसिद्ध झाली आहे. ती वाचतांना ज्याला चमत्कार हवे असतील त्याला ते मिळतील. मला तींत दिसतात ते एकासारखे एक सरळ दिवस. पहाटेची काकड आरती, बाबांना बाहेर जातांना आणि परत येतांना पाहणें, चार मंडळींनीं मिळून 'पंचदशी' वाचणें, संध्याकाळची आरती, रात्रीं भजन. मधून मधून परत जाण्याचा विषय निघे, आणि बाबांची परवानगी मिळत नसे. इकडे अमरावतीस वकिली बंद. ज्याच्या शब्दावर न्यायाधीश कान टवकारीत, तो माणूस तीन महिने दुसऱ्याच्या शब्दाची वाट पाहत बसला! हें सर्वांना साधणार नाहीं, आणि साधावें असेंही मी म्हणत नाहीं. घरीं चूल पेटती राहील अशी ज्याला खात्री आहे, त्यालाच शिर्डीस तीन महिने राहतां येतें. कोल्हटकरांची रीत अधिक लोकांच्या उपयोगाची आहे.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचाही येथें उल्लेख करावयास हवा. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं जी व्यायामशाळा काढली, तिचें पथक १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ दाखवावयास गेलें. हुतूतू आणि मल्लखांब ह्यांना कोणी काम म्हणत नसे. पण उद्योगधंद्याच्या लोकांनीं सकाळ-संध्याकाळची एकेक घटका त्यांना दिली, तिचें तें फळ होय.

आतां जी गोष्ट बोलावयास सर्वांत कठीण, ती बोलतों. आतांपर्यंत मीं ज्यांचीं नांवें घेतलीं, ते सगळे पुरुष आहेत. वऱ्हाडांतील बाईची सवड कोठें आहे? एके काळीं तिलाही पंचांगांत जागा होती. भाद्रपदी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे पुरता एक महिना, घरोघर भुलाबाई बसत. शंकर-पार्वतीची मातीची जोडी मांडून मुली आणि माहेरीं आलेल्या लेकी रोज संध्याकाळीं गाणीं म्हणत, आणि शेवटीं झांकलेला डबा कानाशीं हलवून आंतली खिरापत ओळखावयाची. सासूची तक्रार गाण्यांतून उघड्यावर सांगण्याची ही एकच परवानगी असलेली जागा होती. अजून पुष्कळ ठिकाणीं भुलाबाई बसतात. पण महिन्याच्या ठिकाणीं एक कोजागिरीची रात्र उरली आहे. आणि त्याच कोजागिरीच्या सुमारास कापूस फुटूं लागतो. वेचणीचें काम बहुतेक बायकाच करतात, आणि त्याची मजुरी वजनावर मिळते. ज्याला महिन्याचा पगार आहे, त्यानें दुपारीं दोन घटका झाडाखालीं काढल्या तर पगार कमी होत नाहीं. वेचणाऱ्या बाईनें पाठ सरळ केली, कीं तेवढा कापूस कमी आणि तेवढे पैसे कमी. तिच्या विसाव्याला रोख किंमत आहे, आणि ती तिलाच भरावी लागते. पुन्हां घरीं येऊन स्वयंपाक आहेच. हुरड्याच्या दिवशींसुद्धां आगटीभोंवतीं पुरुष बसलेले असतात आणि चटणी वाटून, दही विरजून, रोडग्यांची कणीक मळून आणणारी बाई शेवटीं खाते. त्या आगटीवर सगळे सारखे बसतात असें मघां मीं म्हटलें. तें पुरुषांपुरतें समजावें.

दुसरा आक्षेप ह्याहून जड आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम ह्या जिल्ह्यांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता येत आहेत. ज्याच्या डोक्यावर बँकेचें आणि सावकाराचें कर्ज आहे, ज्याची बोंडें अळीनें खाल्लीं आहेत, त्याच्यापुढें जीवनांतील साध्या सुखांविषयीं भाषण करणें हा निर्दयपणा आहे. आणि मी तें करीत नाहीं. भाव, पाणी आणि पतपुरवठा ह्यांचीं कामें हुरड्यानें होत नाहींत. परंतु एक गोष्ट खेड्यांतल्या कोणालाही विचारावी. कर्जांत बुडालेला माणूस प्रथम काय बंद करतो? तो जेवण बंद करीत नाहीं, काम तर नाहींच नाहीं. तो बोलावणें बंद करतो. "यंदा काय दाखवूं लोकांना," असें म्हणून तो कोणाला शेतांत नेत नाहीं, आणि दुसऱ्याच्या आगटीकडेही फिरकत नाहीं. लाजेनें त्याची सवड संपते, कामानें नव्हे. अशा वेळीं त्याला "ये" म्हणून निरोप धाडण्यानें भागत नाहीं. आपणच उठून त्याच्या धुऱ्यावर जाऊन बसावें लागतें. पूर्वीं लोक जात. आतां त्याच्या शेतांत ज्वारीही नसते. १९९० नंतर सोयाबीन आलें, तें रोख पैशाचें पीक म्हणून झपाट्यानें पसरलें, आणि ज्वारीचें शेत आटत गेलें. कापूस आणि सोयाबीन, दोन्ही विकावयाचीं पिकें. अर्ध्या पिकल्या अवस्थेंत शेजाऱ्याला हांक मारावयास लावील असें पीक शेतांत राहिलेंच नाहीं. मला हें नुसतें पिकांचें स्थित्यंतर वाटत नाहीं.

शहराकडे पाहिलें तर हुरडा नाहींसा झाला आहे असें म्हणतां येणार नाहीं. उलट तो आतां तिकीट लावून मिळतो. अमरावती-अकोल्याच्या आसपास कित्येक शेतांवर माणशीं ठराविक रक्कम घेऊन हुरडा, भरीत, रोडगे आणि बैलगाडींतून फेरी असा बेत असतो. पुष्कळ जाणत्या मंडळींना ह्याचा राग येतो. मला येत नाहीं. हिरव्या कणसाला पिकल्या कणसाहून अधिक मोल मिळालें आणि त्या लोभानें कोणी दोन तास ज्वारी पेरली, तर ज्वारी तरी परत आली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें खास हुरड्यासाठीं ज्वारीचें वाण काढलें आहे, तें अशाच शेतकऱ्यांच्या उपयोगीं पडतें. माझी तक्रार दुसरीच आहे. तिकीट काढून आलेला पाहुणा आपल्या कचेरीला खिशांत घालून आणतो. आगटीशीं बसल्या बसल्या त्याचा मोबाईल वाजतो, तो उठून बांधापलीकडे जातो, हातवारे करीत बोलतो, आणि परत येईपर्यंत त्याच्या वांट्याचे दाणे निवलेले असतात. निवलेला हुरडा चिवट लागतो. मग तो म्हणतो, पूर्वींसारखी चव राहिली नाहीं.

वेळ संपत आली. ज्यांच्याकडे यंदा थोडी तरी ज्वारी उभी आहे, त्यांच्यासाठीं आमच्याकडील शेतकरी हुरड्याची वेळ कशी ओळखतो, तेवढें सांगून थांबतों. कणसाच्या मधल्या भागांतला एक दाणा घेऊन नखानें दाबावा. पांढरें दूध उडालें, तर तीन-चार दिवस थांबावें. दूध न येतां दाणा मऊ लोण्यासारखा दबला, तर त्याच दिवशीं निरोप धाडावे. आणि ज्यांना धाडावयाचे त्यांत ज्याच्याशीं बोलणें तुटलें आहे असें एक नांव असावें, अशी आमच्या गांवाकडची रीत आहे. नखच उमटलें नाहीं, तर विळा घेऊन कापणीला लागावें.